निरोपाचा नकाशा

सोसायटीच्या शेवटच्या मीटिंगमध्ये ‘आपल्याकडे आर्टिस्ट आहेत की!’ असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांच्या माना मागच्या खुर्चीकडे वळल्या. खरं म्हणजे त्याच क्षणी, पाण्याची मोटर बंद करायची राहिली असं काहीतरी पुटपुटत त्याने उठून जायला हवं होतं. पण स्तुती ऐकली की माणसाचे पाय जड होतात. तो बसून राहिला आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

इमारत पाडायची होती. बिल्डरला सगळ्यांच्या सह्या देऊन झाल्या होत्या, भाड्याच्या घरांच्या किल्ल्या हातात यायला लागल्या होत्या, आणि ‘नवी इमारत उभी राहिली की आपण सगळे पुन्हा इथेच’ हे वाक्य जो तो दुसऱ्याला, डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांना धीर देताना लावतात त्या आवाजात ऐकवत होता. अशा वातावरणात निरोपसमारंभ करायचं सेक्रेटरींच्या मनात आलं. त्यांच्या मनात काही आलं की ते थेट सभेच्या इतिवृत्तात जात असे, त्यामुळे विरोध करायला मध्ये जागाच उरत नसे.

“आपल्या इमारतीचा एक मोठ्ठा नकाशा करायचा,” सेक्रेटरी म्हणाले. “प्रत्येक मजला, प्रत्येक घर, घरात राहणाऱ्यांची नावं. समारंभात त्याचं उद्घाटन, मग प्रत्येकाला एक एक प्रत. नव्या जागेत भिंतीवर लावायला. आर्टिस्टसाहेबांकडे ते सॉफ्टवेअर आहेच. आर्किटेक्टकडनं फाइल आणायची, त्यात टाकायची, रंग भरायचे. एका संध्याकाळचं काम.”

‘एका संध्याकाळचं काम’ हे शब्द, ज्याला ते काम करायचं नसतं त्याच्याच तोंडात शोभतात. आर्टिस्टने मान डोलावली. त्याला आर्टिस्ट म्हणत, पण त्यात अर्धा आदर आणि अर्धी थट्टा होती. तो औषधांच्या खोक्यांच्या कारखान्यात डिझाइन करत असे. खोकल्याच्या औषधावरची ती निळसर फुप्फुसं, पोटदुखीच्या गोळ्यांवरचं ते हसरं पोट, ही सगळी त्याच्या हातची. शहरातल्या प्रत्येक घरात त्याचं एखादं चित्र होतंच, फक्त माणूस बरा झाला की ते कचऱ्यात जात असे.

तरीही त्याने नाही म्हटलं असतं. ‘हो’ म्हणायचं कारण त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलं होतं आणि गेले कित्येक दिवस बोलत नव्हतं.

बायको बोलत नव्हती म्हणजे भांडली होती असं नाही. सहीच्या वेळी तोच म्हणाला होता, “अगं, सगळ्यांनी केल्या. आपण एकटेच अडून बसायचं का? लिफ्ट मिळेल, तुझ्या गुडघ्यांना बरं.” तिने सही केली, पेनला टोपण लावलं आणि पेन त्याच्या खिशात परत खोचलं. तेव्हापासून ‘जेवायला वाढलंय’, ‘किल्ली घेतली का’ आणि ‘गॅसवाला येऊन गेला’ यापलीकडे घरात शब्द नव्हता. पूर्वी ही बाई भाजीवाल्याशी झालेलं बोलणं त्याच्या आवाजासकट सांगत असे आणि आर्टिस्ट पेपरआडून ‘हं’ म्हणत असे. आता पेपर वाचून संपत होता, आणि त्यात काही नव्हतं हे त्याच्या लक्षात यायला लागलं होतं. त्याला भीती वाटत होती ती भाड्याच्या घराची. त्या अनोळखी भिंतींमध्ये आपण दोघं समोरासमोर बसू आणि ही काहीच बोलणार नाही.

मीटिंग संपवून वर जाताना जिन्यात ती थांबली.

“नकाशात आपली खिडकी दाखवणार का?” तिने विचारलं.

कितीतरी दिवसांत एवढं लांब वाक्य त्याने ऐकलं नव्हतं.

“दाखवणार म्हणजे? सगळ्यात आधी खिडकी!” तो म्हणाला. फाइल अजून उघडायची होती, त्यामुळे तो सढळ हाताने बोलला.

या खिडकीबद्दल सांगायला हवं. त्यांचं स्वयंपाकघर आणि शेजारणीचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती. शेजारीण वयाने मोठी, बायको तिला ताई म्हणायची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत या दोघींनी आपापल्या नवऱ्यांना न विचारता त्या भिंतीत गवंड्याकडून एक खिडकी पाडून घेतली होती, हातभर रुंद, दोन्हीकडून लाकडी झडप. त्या खिडकीतून वाट्या गेल्या, ताप मोजायचं थर्मामीटर गेलं, एकदा तर रडणारं मूलसुद्धा गेलं. आता ताई आपल्या मुलाकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेल्या होत्या आणि त्यांच्या बाजूची झडप बंद होती. घरातली बहुतेक भांडी खोक्यांत गेली तरी त्या खिडकीच्या फळीवर बायको काही ठेवत नव्हती आणि तिथलं काही काढतही नव्हती.

फाइल आणायला आर्टिस्ट आर्किटेक्टच्या ऑफिसात गेला. इमारत ज्यांनी काढली ते आर्किटेक्ट केव्हाच वारले होते. ऑफिस जावयाने चालवायला घेतलं होतं आणि जावई साइटवर होता. जावई नेहमी साइटवरच असतो असं काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं.

“नकाशा तुम्हाला कसा देणार?” त्या म्हणाल्या. “तुम्ही घर घेतलंय. नकाशा कुठे घेतलाय?”

“पण घरच पाडताहेत हो.”

“मग नकाशा कशाला हवा?”

सोसायटीचं पत्र आणा, त्यावर शिक्का हवा, असं ठरलं. शिक्का सेक्रेटरींनी बिल्डरच्या ऑफिसात जमा केला होता. बिल्डरच्या ऑफिसात म्हणाले, सोसायटी आता आमच्या ताब्यात आहे, शिक्का हवा तर सोसायटीचं पत्र आणा, शिक्क्यासकट. आर्टिस्टने कपाळाला हात लावला. शेवटी खालच्या मजल्यावरचे डेंटिस्ट मदतीला धावले. जावयाची अक्कलदाढ त्यांच्याकडे अर्धवट झालेली होती. पुढच्या भेटीला जावई आपणहून पेनड्राइव्ह घेऊन आला. तोंड उघडं असताना माणूस वाद घालू शकत नाही, असं डेंटिस्टनी नंतर सगळ्यांना समजावून सांगितलं.

रविवारी सकाळी आर्टिस्टने आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि संगणकासमोर बसला. प्रिंटर, स्कॅनर, खुर्चीची गादी हे सगळं खोक्यांत गेलं होतं. संगणक तेवढा त्याने हट्टाने बाहेर ठेवला होता. चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने, आर्किटेक्ट लोक ज्यात नकाशे काढतात त्या कॅडची फाइल ओढून टाकली. सॉफ्टवेअरने विचारलं, मूळ मापात आणू का? आर्टिस्टला वाटलं, मूळ मापच बरं, उगीच कुणाच्या घरात कमी-जास्त नको. त्याने ‘हो’ दाबलं. मूळ माप म्हणजे खरोखरची इमारत. सॉफ्टवेअरने ती अख्खी इमारत पडद्यावर आणायचा प्रामाणिक प्रयत्न केला, थोडा वेळ पंख्याचा आवाज केला आणि संगणक गपकन बंद पडला.

दुसऱ्यांदा त्याने ‘पानात बसेल अशी’ असं सांगितलं. पान कोरं आलं. तो बराच वेळ त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिला. मग त्याला कोपऱ्यात एक माशीने घाण केल्यासारखा ठिपका दिसला. तो मोठा मोठा करत नेल्यावर त्यात जिना दिसला, गच्ची दिसली, डेंटिस्टचा दवाखाना दिसला. ती त्यांची इमारत होती. कुण्या एका ड्राफ्ट्समनने, ज्याचा आता पत्ता लागणं शक्य नव्हतं, इमारतीपासून मैलभर लांब एक निरर्थक रेघ काढून ठेवली होती आणि तीही पानात बसवायची म्हणून सॉफ्टवेअरने इमारतीला कोपऱ्यात चिरडलं होतं. आर्टिस्टने ती रेघ पुसली. त्या माणसाच्या मनात ती काढताना काय होतं कोण जाणे, पण पुसताना आर्टिस्टला उगीचच वाईट वाटलं.

इमारत पानभर झाली तेव्हा नवीच पीडा उभी राहिली. कॅडमध्ये नकाशा पदरापदरांचा असतो. भिंती एका पदरावर, नळ दुसऱ्यावर, वायरी तिसऱ्यावर, आणि नको ते पदर झाकून ठेवलेले असतात. इकडे येताना ती सगळी झाकपाक निघून गेली. सांडपाण्याचे पाइप, मीटरच्या वायरी, खांबातल्या सळया, पायाखालचे दगड, सगळे एकाच वेळी उघडे पडले. खोल्यांची नावं लिहिली होती तिथे अक्षरांऐवजी चौकोनी खोकी आली होती. घरात चौकोनी खोकी होतीच, आता नकाशातही आली. दारांच्या कमानी तुकड्यातुकड्यांच्या. भिंतीच्या रेघा जवळ जवळ येऊन थांबलेल्या, एकमेकींना न टेकता. त्याने स्वतःच्या स्वयंपाकघरात फिकट पिवळा रंग ओतला तर तो दारातून बाहेर पडला, जिन्यावरून खाली गेला आणि रस्त्यापर्यंत पसरला.

“बघू,” म्हणत डेंटिस्ट तेवढ्यात डोकावले. आपल्या दवाखान्याच्या मधोमध एक जाडजूड पाइप जाताना पाहून ते चमकले.

“हे काय?”

“वरच्या सगळ्या मजल्यांचं सांडपाणी,” आर्टिस्ट म्हणाला.

“माझ्या खुर्चीखालून?” डेंटिस्ट मटकन खोक्यावर बसले. “आणि मी इतकी वर्षं लोकांना स्वच्छतेवर व्याख्यानं देतोय!”

त्या दिवसानंतर आर्टिस्टच्या घरी शेजाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाला आपलं घर बघायचं होतं आणि कुणालाच ते पटत नव्हतं. कारण नकाशा होता तो मंजुरीच्या वेळचा, आणि त्यानंतर माणसं त्यात राहिली होती. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, माझं मशीन कुठाय? माझं सगळं आयुष्य त्या मशीनवर गेलं. विमा एजंट म्हणाले, माझी मागची बाल्कनी दाखवा. मागची बाल्कनी त्यांना कधीच नव्हती, पण ती असायला हवी होती असं त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं होतं. गच्चीलगतच्या घरातले आजोबा आपल्या कुत्र्याचा फोटो समोर ठेवून गेले. कुत्रा जाऊन बरेच दिवस झाले होते. सेक्रेटरींनी आपल्या दारावरची पितळी पाटी दाखवावी अशी सूचना केली, आणि ती इतरांच्या पाट्यांपेक्षा ‘किंचित’ मोठी असावी असं अंगठा आणि बोट लांब करून सांगितलं.

शिवाय सल्ले. कुणी म्हणालं, रंग उजळ घ्या, आधीच सगळं सुतकासारखं चाललंय. कुणी म्हणालं, रंग नकोच, गांभीर्य जातं. विमा एजंटांच्या मेव्हण्याने असं काम एकदा मोबाइलवर चहा पिता पिता केलं होतं म्हणे. हे मेव्हणे आजपर्यंत कुणीही पाहिले नव्हते, पण इमारतीतल्या प्रत्येक अडचणीवर ते चहा पिता पिता मात करत आलेले होते. आर्टिस्ट सगळ्यांना ‘बघतो’ म्हणे. आपण इतकी वर्षं या क्षेत्रात आहोत, हे सांगायची त्याला फार इच्छा होई, पण फुप्फुसांचा दाखला इथे चालेल असं त्याला वाटेना.

तरी तो बसला. ऑफिसातून आला की बसायचा. एकेक पाइप उपटला, एकेक वायर काढली. नावं स्वतः टाइप केली, ठसठशीत अक्षरात. शिवणयंत्र स्वतःच्या हाताने काढलं, कुत्रा काढला, नसलेली बाल्कनीसुद्धा काढली, त्याच्या त्या जाड, भरीव रेघेत. खोकल्याच्या औषधावर ज्या रेघेने फुप्फुस उठून दिसायचं तीच रेघ. रंग सांडतच राहिले म्हणून ते सोडून दिले. भिंती मात्र आर्किटेक्टच्याच ठेवल्या. त्या फार बारीक होत्या, केसाहून बारीक. एकदा त्याने सगळ्या निवडून जाड केल्या, तर भिंतीतल्या विटांच्या रेघोट्या एकमेकींत मिसळून अख्खी इमारत काळी ठिक्कर पडली, आग लागून गेल्यासारखी. दाराशी उभी असलेली बायको ते बघून चटकन आत निघून गेली. त्याने घाईघाईने सगळं पूर्ववत केलं आणि पुन्हा भिंतींना हात लावायचा नाही असं ठरवलं. पडद्यावर त्या नाजूक, रेखीव दिसत होत्या. जाडीच्या रकान्यात शून्य दिसत होतं, पण रेघ तर समोर दिसत होती. दिसणाऱ्या गोष्टीवर त्याचा विश्वास होता.

शेवटी खिडकी राहिली. त्या भिंतीत भोक पाडायला तो गेला की भिंत हलायची, तिच्यामागोमाग मजला हलायचा. बायको मागे येऊन उभी राहिली होती. त्याला तिचा श्वास ऐकू येत होता. शेवटी त्याने भिंत तोडायचा नाद सोडला आणि तिच्यावरच, आपल्या जाड रेघेत, खिडकी काढली. चौकट, दोन झडपा, मधली फळी.

“झडप उघडी दाखवा,” ती म्हणाली.

“कुठली? आपली?”

“दोन्ही.”

त्याने दोन्ही उघड्या काढल्या. ती आणखी काहीतरी बोलेल म्हणून तो वाट बघत राहिला. ती पोळ्या करायला निघून गेली.

छपाईच्या दुकानात तो समारंभाच्याच दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेला. दुकानदार उदास चेहऱ्याचा गृहस्थ होता, लग्नपत्रिकासुद्धा त्याच चेहऱ्याने छापणारा. घरचा प्रिंटर खोक्यात असल्यामुळे आर्टिस्टने कागदावर काही बघितलेलं नव्हतं. “स्क्रीनवर आहे तसंच येईल ना?” त्याने विचारलं. “यंत्र आहे,” दुकानदार म्हणाला आणि पडद्यामागे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सुरळी होती. “फार मॉडर्न काम आहे, साहेब,” तो म्हणाला. आर्टिस्टचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत त्याच्या फुप्फुसांना कुणी मॉडर्न म्हटलं नव्हतं. समारंभाआधी कुणीही सुरळी उघडायची नाही असा सेक्रेटरींचा हुकूम होता, आणि तो आर्टिस्टने एखाद्या सज्जन माणसासारखा पाळला.

समारंभ इमारतीखालच्या पार्किंगमध्ये होता. गाड्या हलवल्या होत्या, त्यांच्या तेलाचे डाग तेवढे राहिले होते. अर्ध्याअधिक घरांतल्या खुर्च्या बांधून झाल्यामुळे लोक खोक्यांवर, बादल्या पालथ्या घालून बसले होते. चहा आणि बिस्किटं होती. ताई लांबून बसने आल्या होत्या आणि पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बायको त्यांच्या शेजारी बसली नाही. मध्ये एक रिकामी बादली सोडून बसली. आर्टिस्टला याचं कारण कळेना, पण ते विचारायची ही वेळ नव्हती.

सेक्रेटरींनी भाषण केलं. इमारत म्हणजे विटा नव्हेत, असं ते म्हणाले. सुरळी वर दोरीला बांधली होती. डेंटिस्टनी रिबीन ओढली. कागद सळसळत खाली सुटला.

त्यावर इमारत नव्हती.

एकही भिंत नव्हती. जिना नव्हता, दारं नव्हती, खोल्या नव्हत्या. पडद्यावर दिसणाऱ्या त्या शून्य जाडीच्या रेघा यंत्राने बहुधा छापल्याही असतील, पण माणसाच्या डोळ्याला दिसतील अशा नाही. पांढऱ्या शुभ्र कागदावर सगळ्यांची नावं तेवढी ठसठशीत होती, हवेत टांगल्यासारखी. वर एका कोपऱ्यात शिवणयंत्र होतं. त्याच्या जरा खाली कुत्रा होता, आधार नसलेल्या जागी बसलेला. एक बाल्कनी कशालाही न लागता बाहेर आली होती. सेक्रेटरींची पाटी इतरांपेक्षा पुष्कळच मोठी होती, ते आता लपवायला काही उरलं नव्हतं. आणि मधोमध एक खिडकी होती, दोन्ही झडपा उघड्या टाकलेली.

जमीन दुभंगली तर बरं, असं आर्टिस्टला वाटलं. पण जमीन बिल्डरच्या ताब्यात होती.

“घरं कुठायत?” शिवणकामवाल्या बाईंनी विचारलं.

“पाडली की काय आधीच?” विमा एजंट म्हणाले. कुणीतरी हसलं, मग हसू थांबलं. गच्चीलगतचे आजोबा उठून पुढे गेले आणि कुत्र्यावर बोट ठेवून उभे राहिले.

सेक्रेटरी सावरले. ते कुठल्याही प्रसंगातून सावरत. आता नवीन प्रती काढायला वेळ नाही, ते म्हणाले, परवा सगळे जाणार, तेव्हा हा जो काही कागद आहे त्यातला आपापला भाग ज्याने त्याने घेऊन जावा. शिवणकामवाल्या बाईंच्या पिशवीत कात्री होतीच. त्यांनी यंत्र कापून घेतलं. आजोबांनी कुत्रा नेला. आणि मग भांडणं सुरू झाली. भिंतीच नसल्याने कुणाचं घर कुठे संपतं हे कळेना. विमा एजंट आपली बाल्कनी भरपूर मोकळी जागा घेऊन कापायला लागले, तेव्हा डेंटिस्ट म्हणाले की ती मोकळी जागा माझी आहे. मंजूर नकाशा दाखवा, असं एजंट म्हणाले. मंजूर नकाशा मागायची त्यांची ही आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. आर्टिस्ट खांबाआड उभा राहून, आपल्याला कुणी बघत नाही असं मानून घेत होता.

“आता हे,” सेक्रेटरी कात्री घेऊन खिडकीपाशी आले. “वहिनी, तुमचं डावीकडचं. ताई, तुमचं उजवीकडचं. मधून कापतो.”

“थांबा!” बायको उठली. “मधून म्हणजे खिडकीतून?”

“मग काय करणार? सामाईक आहे.”

“कापायचं कशाला?” ताई म्हणाल्या. “मी सगळंच घेऊन जाते. मुलाकडे माझ्या खोलीची भिंत रिकामीच आहे.”

“तुम्ही का म्हणून?” बायको म्हणाली. तिचा आवाज ऐकून आर्टिस्ट खांबाआडून बाहेर आला. “काढलंय माझ्या नवऱ्याने!”

“अगं, पण खिडकी पाडायचं मनात माझ्या आलं होतं.”

“आणि सोसायटीची नोटीस कुणाच्या दाराला चिकटवली होती? माझ्या! सगळी बोलणी मी खाल्ली. तुम्ही झडप लावून आत बसलात.”

“झडप मी लावली? मी?” ताई उभ्या राहिल्या. “तू कडी घालायचीस आतून, माझी सूनबाई इथे होती तेव्हा तिच्याशी तुझं वाजलं की!”

“कारण तुम्ही प्रत्येक वेळी तिची बाजू घ्यायचात! आणि एक गोष्ट सांगा, जाताना साधं ‘येते’ म्हणालात का? मी तिथे उभी होते, खिडकीपाशी, सकाळपासून. तुम्ही खालून टेम्पोतून निघून गेलात.”

“मला जमलं नाही गं ते,” ताई म्हणाल्या. “झडप उघडली असती तर मी गेलेच नसते. आणि तू? एक फोन केलास?”

“तुम्ही केलात?”

डेंटिस्ट आणि एजंटसुद्धा बाल्कनी धरून थांबले. दोघींचे डोळे भरले होते आणि दोघीही ते पुसायला तयार नव्हत्या. मग ताईंनी सेक्रेटरींच्या हातातून कात्री घेतली, खिडकीच्या चारी बाजूंनी, दोन्ही घरांची नावं धरून, मोठा तुकडा कापला आणि त्याची सुरळी करून काखेत मारली.

“माझ्याकडे राहील,” त्या म्हणाल्या. “बघायचा असेल तर ये बसने.”

“येईन. सोमवारीच येईन,” बायको म्हणाली. “आणि घेऊन जाईन.”

“बघू कशी नेतेस.”

“बघाच.”

ताईंना बसपर्यंत पोचवायला बायको गेली. त्या दोघी फाटकापर्यंत भांडत गेल्या. परत आली तेव्हा तिने नवऱ्याला पार्किंगमधल्या खोक्यांमधून शोधून काढलं. सेक्रेटरी त्याला म्हणत होते की झालं ते झालं, पण इतिवृत्तात याची नोंद घ्यावी लागेल.

“चला वर,” ती म्हणाली. जिन्यात पाऊल ठेवलं आणि तिने सुरुवात केली. “रेघा जाड करता येत नव्हत्या? जन्मभर लोकांची फुप्फुसं काढलीत, आणि एक भिंत काढता येऊ नये तुम्हाला? माझ्या घराची भिंत! छापायच्या आधी माणूस एकदा बघतो. ती सुरळी तुम्ही बसमधून मांडीवर धरून आणलीत ना, जरा कोपरा उलगडून बघायला काय झालं होतं? आणि तो दुकानदार, तो काय म्हणाला?”

“मॉडर्न आहे म्हणाला.”

“मॉडर्न! आणि तुम्ही खूश झालात. तोंडावर दिसत होतं तुमच्या. मी म्हटलं, एवढं काय झालंय यांना. आणि ती सेक्रेटरींची पाटी केवढी काढलीत हो? त्यांच्या बायकोने पाहिली नाही का, कशी बघत होती ती! त्यांनी काय सांगितलं होतं तुम्हाला, इतकी? इतकी की इतकी?”

तिने हात करून दाखवला. आर्टिस्टने ‘इतकी’ असं दाखवलं. त्याचा फार अपमान होत होता. त्याच्या कलेचा, त्याच्या इतक्या संध्याकाळींचा, सगळ्याचाच. त्यावर काहीतरी करडं उत्तर द्यावं असं त्याच्या मनात आलं आणि त्याने ते गिळून टाकलं.

“आणि ताई कशा बोलल्या बघितलंत? म्हणे कडी मी घालायचे! तुम्हाला आठवतं ना, त्यांची सून ज्या दिवशी...”

ती सांगत होती, त्या सुनेच्या आवाजासकट. पहिला मजला गेला. पुढच्या वळणावर त्यांचं दार आलं असतं, आणि दारापलीकडे बांधलेली खोकी, रिकामी भिंत आणि परवाची सकाळ. आर्टिस्टने कठडा धरला, गुडघा दुखतोय असं दाखवलं आणि एकेक पायरी फार सावकाश चढायला लागला.